सासवड : जेजुरीच्या वाटेवर उतरून बघावं असं गाव

कऱ्हाकाठ

पुण्याहून जेजुरीला निघालेली मंडळी सासवडला फार तर चहाला थांबतात. पुरंदरवर जाणारे गावात शिरतही नाहीत, सरळ नारायणपूरची वाट धरतात. माझं आजोळ सासवडचं, त्यामुळे मला हे फार लागतं. पेशवे घराण्याचं देशावरचं पहिलं बिऱ्हाड ज्या गावात झालं, ज्ञानदेवांच्या धाकट्या भावानं जिथं समाधी घेतली, मिर्झाराजांच्या फौजेचा तळ ज्या मुलखात पडला, ते गाव पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे, आणि कितीतरी पुणेकरांनी ते फक्त गाडीच्या काचेतून पाहिलंय.

म्हणून हा धागा. सासवड आणि आसपास जे जे बघण्यासारखं आहे ते इथं गोळा करूया. मी गावापासून सुरुवात करते. गडांबद्दल इथले भटके लिहितीलच.

माझं ठाम मत आहे की सासवड नदीपासून बघावं. कऱ्हा आणि चांबळी या दोन नद्यांच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. उंच चौथरा, नदीकडे उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या, समोर नंदी आणि वर विटा-चुन्याचं शिखर. खालचं बांधकाम काळ्या दगडाचं, वरचं शिखर विटांचं, आणि त्या शिखरावर चुन्यात केलेलं नाजूक काम. मराठेशाहीतल्या देवळांची ही खास धाटणी. पायऱ्यांच्या अगदी तळाशी जाऊन वर बघितलं की बांधणाऱ्यानं देऊळ कुठून दिसावं याचा किती विचार केला होता ते कळतं. पावसाळ्याच्या शेवटी, नदीला पाणी असताना जा. कऱ्हा पर्जन्यछायेतली नदी आहे, उन्हाळ्यात तिच्या पात्रात खडकच जास्त दिसतो.

दुसरं देऊळ चांगावटेश्वराचं. गावातून नारायणपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर आहे. तिथं दगडी कासव आहे, नंदी आहे, आणि सभामंडपाच्या खांबांवरची नक्षी बघत तासभर सहज जातो. चांगदेवांशी या जागेचं नातं सांगतात. संगमेश्वरापेक्षा इथं वर्दळ कमी. मला विचाराल तर दोन्हीतलं हे जास्त आवडतं, कारण इथं बसता येतं.

गावात सोपानकाकांची समाधी, पुरंदऱ्यांचा वाडा, बाजी पासलकरांची समाधी, ग्रामदैवत भैरवनाथ. यांच्याबद्दल हळूहळू लिहीन. तुम्हीही लिहा.

हडपसरकर

छान धागा. आमच्या घरापासून सासवड इतकं जवळ, पण मीही त्या चहावाल्यांतलाच. दोन प्रश्न आहेत. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांना काय झेपेल? आणि दिवे घाटानं जावं की बोपदेव घाटानं?

कऱ्हाकाठ

आई-बाबांना सोपानकाकांच्या समाधीला आधी न्या. तिथं फार चढउतार नाही, सावली आहे, बसायला ऐसपैस जागा आहे. चांगावटेश्वरही त्यांना जमेल. संगमेश्वराच्या पायऱ्या मात्र गुडघे दुखत असतील तर त्रासाच्या. हात धरून सावकाश चढवा, किंवा नदीच्या अलीकडून दर्शन घ्या. तिथून देऊळ पूर्ण दिसतं.

तुम्ही हडपसरचे, तुम्हाला दिवे घाटच सोयीचा. कोंढव्याकडून येणाऱ्यांना बोपदेव. दिवे घाट चढताना खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसतो तो आई-बाबांना दाखवा. पण गाडी वळणावर थांबवू नका, घाटात रुंदीकरणाची कामं चालू असतात आणि अवजड वाहनं फार. घाट चढून गेल्यावर वर मोठी विठ्ठलमूर्ती आहे, थांबायचं तर तिथं थांबा.

आणि हडपसरकर, तुमच्या शेजारच्या मांजरीचा सासवडशी जवळचा संबंध आहे. १७१३ साली शाहूमहाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रं दिली ती मांजरीला. त्याआधी श्रीवर्धनचे हे भट सिद्दीच्या त्रासामुळे कोकण सोडून घाटावर आले, तेव्हा त्यांना आधार मिळाला तो सासवडच्या अंबाजीपंत पुरंदऱ्यांचा. पुढे दिल्लीला जाऊन चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन बाळाजीपंत १७१९ मध्ये परत आले, येसूबाईंची सुटकाही तेव्हाच झाली. आणि वर्षभरात, एप्रिल १७२० मध्ये, सासवडलाच त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी सासवडला आहे. बाजीरावांना पेशवाई मिळाली ती त्यानंतर लगेच.

शनिवारवाडा बघायला देशभरातून लोक येतात. तो बांधणाऱ्याच्या वडिलांची समाधी इतक्या जवळ आहे हे पुण्यातल्या शाळेत कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इतिहासाच्या_बाई

आम्ही काही जणी सांगतो हो! मी आठवी-नववीला शिकवते. तुमचं म्हणणं खरं आहे, सहलीचं ठिकाण ठरवताना बसवाला आणि जेवणाची सोय आधी बघितली जाते, इतिहास मागाहून. पण सासवडला सहल न्यायची म्हटलं तर पोरांना काय दाखवावं आणि काय सांगावं, याची नीट मांडणी मला हवी आहे. पुरंदरच्या तहाबद्दल त्यांचं पाठांतर पक्कं असतं, २३ किल्ले दिले आणि १२ राहिले. पण तो तह म्हणजे नेमकं काय घडलं होतं ते त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही.

गडवाट

बाई, त्यासाठी सासवडसारखी जागा नाही. मुलांना अशा ठिकाणी उभं करा जिथून पुरंदर आणि वज्रगड दोन्ही दिसतात. मग सांगा.

१६६५ च्या मार्चअखेरीस मिर्झाराजे जयसिंह पुण्याहून फौज घेऊन या बाजूला उतरले. सासवड आणि पुरंदर यांच्यामध्ये छावणी. दिलेरखानानं आधी वज्रगड धरला, कारण त्यावर तोफा चढवल्या की पुरंदरची माची माऱ्यात येते. वज्रगड एप्रिलमध्ये पडला. हे पोरांना नकाशावर कळणार नाही, पण प्रत्यक्ष ते दोन डोंगर शेजारी-शेजारी बघितले की एका वाक्यात कळतं. मग माचीवरची लढाई, त्यात मुरारबाजी देशपांडे पडले. गडाखालच्या मुलखात मोगली तुकड्यांची जाळपोळ चालली होती, म्हणजे सासवडच्या आसपासची गावं त्यात होरपळत होती. ११ जूनला शिवाजीमहाराज स्वतः जयसिंहाच्या तंबूत गेले. मनुची नावाचा व्हेनिसचा माणूस तेव्हा त्या छावणीत होता, त्यानं महाराजांशी बोलल्याचं लिहून ठेवलंय. तहात २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख गेला, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख राहिला.

ज्या पुरंदरवर १४ मे १६५७ ला संभाजीराजे जन्मले, तोच गड आठ वर्षांनी तहात द्यावा लागला. आणि तहाच्या कलमात त्याच आठ वर्षांच्या मुलाच्या नावे पाच हजारी मनसब. आठवीच्या मुलांना हे सांगून बघा, ती गप्प होतील.

गडावर जाणाऱ्यांसाठी : पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र बरोबर ठेवा, ते बघून नोंद करूनच आत सोडतात. ठरलेल्या वेळेतच प्रवेश मिळतो, मुक्काम करता येत नाही, आणि काही भागांत जायला व फोटो काढायला मनाई आहे. जवानांशी हुज्जत घालू नका. गाडी माचीपर्यंत जाते. माचीवर मुरारबाजींचा पुतळा आहे, इंग्रजांच्या काळातल्या पडक्या चर्चच्या भिंती आहेत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथं जर्मन कुटुंबांना स्थानबद्ध करून ठेवलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. वर केदारेश्वरापर्यंतची चढण दमवते, पण वर गेल्यावर आपण केवढ्या मुलखावर नजर ठेवून आहोत ते समजतं.

दगडधोंडे

कऱ्हाकाठ, तुम्ही देवळांबद्दल लिहिलंत त्याला जोडून थोडं लिहितो. इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात मी बरीच वर्षं आहे, त्यामुळे सासवडला गेलो की देव कमी आणि भिंती जास्त बघतो.

अशा देवळांची दोन दुखणी असतात. पहिलं म्हणजे शिखरावर उगवणारे पिंपळ-वड. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, चुना ओल धरतो, रोप उगवतं. उत्सवाच्या आधी कुणीतरी शिडी लावून ते वरच्या वर कापतं. वरून कापलेलं झाड मरत नाही, उलट मूळ जाड होत जातं आणि विटा फाकतात. मुळाशी उपचार करून, ते मेल्याची खात्री करून मगच सांधा चुन्यानं भरायचा असतो.

दुसरं दुखणं आपण स्वतः लावलेलं. सिमेंट आणि ऑइल पेंट. जुनं बांधकाम चुन्यात आहे. चुना मऊ असतो, भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून वाफ होऊन बाहेर निघून जातं. वरून सिमेंटचा गिलावा केला की ती वाट बंद होते. पाणी आतच राहतं, आतले क्षार फुगतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. गिलावा शाबूत दिसतो आणि त्याच्या मागची वीट पीठ झालेली असते. ऑइल पेंटचंही तेच. खांबावरच्या नक्षीच्या कडा रंगाच्या थरांत बुजून जातात. भक्तीनं केलेलं असतं, त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. पण देवस्थानच्या मंडळींशी जाऊन शांतपणे बोललं तर बरेचदा ऐकतात असा माझा अनुभव आहे. "रंग काढा" असं न म्हणता "पुढच्या वेळी रंगाऐवजी चुन्याची सफेदी करा, कमी पैशात होईल" असं म्हणावं.

बाई, तुम्ही सहल नेलीत तर मुलांना हे नक्की दाखवा. इतिहासात फक्त लढाया नसतात, गवंडीही असतात.

वारीतली

सोपानकाकांबद्दल मी लिहू का? दरवर्षी माउलींबरोबर दिवे घाट चढणाऱ्यांतली मी.

चार भावंडांच्या चार जागा. निवृत्तीनाथ त्र्यंबकेश्वरी, माउली आळंदीला, मुक्ताबाई तिकडं तापीकाठी, आणि सोपानदेव सासवडला. माउलींनी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, आणि पुढच्याच महिन्यात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी. वय विशीच्या आतलं. या दोन तिथ्यांमध्ये फक्त एक महिना आहे हे मनात ठेवून समाधीपुढे उभं राहा, काय वाटतं ते बघा. शेजारी नागेश्वराचं देऊळ आहे, तिथंही जा.

आषाढीच्या वारीत माउलींचा पुण्यानंतरचा मुक्काम सासवडला, आणि तोही दोन रात्रींचा. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्या वारीतला मोठा. भर दुपारी दिवे घाट चढायचा, आणि संध्याकाळी सासवडच्या तळावर समाजआरती. माउली सासवडला असतानाच सोपानकाकांची पालखी पंढरीला निघते. थोरला भाऊ धाकट्याच्या घरी मुक्कामाला आला आहे, असंच आम्ही समजतो. सासवडच्या घराघरांत त्या दोन दिवसांत चुली विझत नाहीत. अनोळखी माणसाला अंगणात झोपायला जागा देणारं, पहाटे आंघोळीला गरम पाणी ठेवणारं ते गाव आहे. तुम्ही देवळं बघायला जाल तेव्हा या माणसांशीही बोला.

फक्त देखावा बघायला यायचं असेल तर वारीच्या दिवसांत गाडी घेऊन येऊ नका. दिवे घाट वाहनांना बंद असतो आणि बोपदेववर गर्दी लोटते. यायचं तर चालत या.

हडपसरकर

वाचून अंगावर काटा आला. मार्गशीर्षात आईला नक्की आणतो.

सोनोरीकर

सर्वांना रामराम. धाग्यात अजून मल्हारगडाचं नाव आलं नाही म्हणून लिहितोय.

सासवडपासून सहा-सात किलोमीटरवर आमचं सोनोरी. गावाच्या डोक्यावर मल्हारगड. मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांत हा सर्वांत शेवटचा मानतात, १७५७ ते १७६० च्या दरम्यानचा. बांधला तो पानशांनी. पानसे म्हणजे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. दिवे घाटावर नजर ठेवायला गड उभा केला. आकारानं छोटा, चढायला सोपा, पायथ्यापासून अर्ध्या तासात दरवाजात. आत बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेव अशी दोन लहान देवळं, विहिरी, तटबंदी बरीच शाबूत. लहान पोरांना पहिला किल्ला दाखवायचा तर यापेक्षा चांगला नाही. बाई, तुमची सहल इथं आणाच.

येणारे लोक गड बघतात आणि निघून जातात. गावात पानशांची गढी आहे, लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, तिकडं कुणी वळत नाही. देवळातली मूर्ती काळ्या दगडाची, बघत राहावी अशी. गावात या, विचारा, कुणीही वाट दाखवील.

आणि येणाऱ्यांना एक विनंती. गडावर झाडं नाहीत, सावली नाही, पाण्याची दुकानं नाहीत. पाणी घेऊन या आणि बाटल्या परत न्या. आमची गुरं तिकडं चरतात. प्लास्टिक खाल्लेल्या गाईचं काय होतं ते आम्ही बघितलंय.

गडवाट

सोनोरीकर, बरं झालं तुम्ही लिहिलंत. पानशांच्या गढीची तटबंदी मल्हारगडाच्या जोडीनं बघितली की एकाच घराण्यानं गावात आणि डोंगरावर कसं बांधकाम केलं ते चांगलं कळतं.

पुणेकरांसाठी : मल्हारगडाला झेंडेवाडीच्या बाजूनंही वाट आहे, दिवे घाट चढून गेल्यावर. एसटीनं किंवा पीएमपीनं येणाऱ्यांना ती बरी पडते.

भाकरीपिठलं

खाण्याचं कुणीच बोलत नाही! जाणकारांनी लिहा.

सोनोरीकर

पुरंदरचं अंजीर खा, आणखी काय सांगू. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. मीठा बहार उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू होतो, तेव्हाच्या अंजिराला जी गोडी असते ती खट्टा बहाराला नाही. घेताना सकाळी घ्या, पिकलेलं अंजीर दुपारपर्यंत मऊ पडतं. डब्यात एकावर एक रचून पुण्याला नेलं तर घरी मुरंबाच पोचतो. पाटीत अंजिराचीच पानं घालून देतात तसं घ्या.

पावसाळा सरता सरता सीताफळ येतं. आमच्याकडची जमीन हलकी, पाऊस कमी, म्हणून फळ लहान राहतं पण गर गोड. आणि थंडीत वाटाणा. सासवडच्या बाजारात सकाळी गेलात तर एकेका हंगामात एकेका वासानं बाजार भरलेला असतो.

कऱ्हाकाठ

वाड्याबद्दल राहिलं होतं, ते लिहिते.

पुरंदऱ्यांच्या वाड्याचा दरवाजा आणि बुरूज बघताच पुण्याच्या माणसाला शनिवारवाडा आठवतो. तेवढीच भक्कम तटबंदी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या तुकडीला या वाड्यानं सहज दाद दिली नव्हती. आज आतल्या चौकांचा बराचसा भाग पडलेला आहे. दरवाजा आणि तट उभे आहेत, आणि तेवढंच बघूनही मूळ पसारा डोळ्यांपुढे येतो.

मात्र हा वाडा खाजगी मालमत्ता आहे. परवानगी घेतल्याशिवाय आत शिरू नका. लग्नाआधीच्या फोटोंसाठी कपड्यांच्या बॅगा घेऊन तटावर चढणारी जोडपी मी बघितली आहेत. पडक्या तटावर चढणं जिवावर बेतू शकतं आणि दगडही निखळतात. बाहेरून बघा, घरातलं कुणी भेटलं तर आदरानं विचारा, नाही म्हणाले तर नमस्कार करून निघा.

बाजी पासलकरांची समाधीही चुकवू नका. स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांतला हा मोसे खोऱ्यातला देशमुख. १६४८ च्या सुमारास फत्तेखान चालून आला तेव्हाच्या लढाईत सासवडजवळ पडला. पुरंदरच्या वेढ्याच्या सतरा वर्षं आधीची ही गोष्ट. मुलं तानाजी, बाजीप्रभू सांगतात, पासलकरांचं नाव त्यांच्या तोंडी येत नाही. बाई, एवढं तुमच्याकडं मागते.

इतिहासाच्या_बाई

लिहून घेतलं. मी सहलीची आखणी अशी करते आहे : सकाळी मल्हारगड, मग सोनोरीतलं देऊळ, दुपारी सोपानकाकांच्या समाधीपाशी डबे, नंतर पासलकरांची समाधी आणि संगमेश्वर. पुरंदर एका दिवसात बसवायचा नाही, तो वेगळा ठेवते. संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसवून तहाची गोष्ट सांगेन.

आणखी एक विचारायचं होतं. अत्र्यांचं काही बघण्यासारखं आहे का? मराठीच्या बाईही बरोबर असतील.

कऱ्हाकाठ

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, सासवडजवळच्या कोडीत गावी. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं तेही याच नदीचं. सासवडमध्ये त्यांच्या नावाचं सांस्कृतिक भवन आहे. पण मराठीच्या बाईंना सांगा, मुलांना कऱ्हेच्या काठावरच अत्र्यांचा एखादा उतारा मोठ्यानं वाचायला लावा. भवनात बसून ऐकण्यापेक्षा ते बरं.

नव्यानं_आलेली

मी पहिल्यांदाच लिहितेय. वर सगळं सरदार-पेशव्यांचं आलंय, म्हणून थोडी भर घालते. या तालुक्यातली आणखी तीन गावं यादीत हवीत.

खानवडी हे जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. साताऱ्याकडच्या कटगुणहून त्यांचे पूर्वज इथं आले आणि इथूनच पुण्याला. तिथं फुल्यांचं स्मारक आहे. भिवडी हे उमाजी नाईकांचं गाव, जन्म ७ सप्टेंबर १७९१ चा. रामोश्यांना घेऊन इंग्रजांशी लढले, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी गेले. पुरंदरच्या पायथ्याचं पेठ हे लहुजी वस्ताद साळव्यांचं गाव. पुण्यात त्यांची तालीम होती, आणि फुल्यांच्या शाळांच्या पाठीशी ते उभे राहिले.

ज्या डोंगराखाली तह झाला, त्याच डोंगराच्या मुलखात या माणसांची मुळं आहेत. सहलीत एखादं तरी गाव घ्या. मुलींना खानवडी दाखवावी असं मला फार वाटतं.

इतिहासाच्या_बाई

खानवडी घेते. मल्हारगडानंतर सोनोरीतला वेळ थोडा कमी करून बसेल.

सोनोरीकर

खानवडीला जाल तर लोकांशी जपून बोला. नियोजित विमानतळाच्या सात गावांत ते आहे. जमिनीचा प्रश्न आहे, घराघरांत तेच बोलणं चालू असतं. कुणी फोटो काढायला, मोजणी करायला आलंय असं वाटलं तर माणसं बिथरतात. शाळेची सहल आहे, फुल्यांचं स्मारक बघायला आलोय, असं आधीच सांगा, मग चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत.

दगडधोंडे

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी भुलेश्वर. माळशिरस गावाच्या वर, डोंगरावर. हाच दौलतमंगळ किल्ला. बाहेरून घुमट आणि चुन्याचं काम दिसतं, त्यामुळे देऊळ अलीकडचं वाटतं. आत गेलात की यादवकाळचं काळ्या दगडाचं कोरीव काम. मूर्ती बऱ्याच भंगलेल्या आहेत, तरीही इतकं शिल्प एका ठिकाणी पुणे जिल्ह्यात क्वचितच बघायला मिळतं. स्त्रीरूपातला गणपती तिथं आहे, तो शोधा. आत अंधार असतो, बॅटरी न्या, पण झगझगीत दिवे लावून पुजाऱ्यांना आणि भाविकांना त्रास देऊ नका.

नारायणपूरचं नारायणेश्वरही बघा. दत्ताच्या देवळात रांग लागलेली असते, आणि त्याच्या शेजारचं यादवकालीन नारायणेश्वर मोकळं असतं. लोक त्याच्यावरून पुढे जातात. दाराच्या चौकटीवरचं कोरीव काम बघायला दहा मिनिटं काढा.

हडपसरकर

या रविवारी आई-बाबांना घेऊन जायचं नक्की केलंय. दिवे घाट, सोपानकाका, मग चांगावटेश्वर. आईचा हट्ट आहे की जेजुरीही करायची, पुढे सतरा-अठरा किलोमीटरच आहे म्हणते. एका दिवसात जमेल का? आणि धाकटी मुलगी पाच वर्षांची आहे, तिला मल्हारगड झेपेल का?

कऱ्हाकाठ

जेजुरी त्याच दिवशी नको. रविवारी गडावर गर्दी असते, पायऱ्या खूप, आणि आई-बाबा तोवर दमलेले असतील. सासवडचं सगळं घाईत उरकावं लागेल. जेजुरीला मधल्या वारी वेगळं जा, आणि सोमवती अमावास्या टाळा, त्या दिवशी खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला येते आणि पाय ठेवायला जागा नसते.

मुलीला मल्हारगड झेपेल. सकाळी नऊच्या आत चढायला लागा, टोपी आणि पाणी घ्या, उतरताना घसरड्या मुरमावर हात धरा. आई-बाबांना तेवढा वेळ खाली सोनोरीत लक्ष्मीनारायणाच्या देवळात बसवा.

सोनोरीकर

देवळात कशाला, घरी बसवा. गावात आलात की इथं संदेश टाका, मी वस्तीवरच असतो. अंजीर असलं तर पोरीला झाडावरचं तोडून देतो.